सातशे चारमध्ये कोण राहतं?

नवी मुंबईत पत्ता सांगताना पारावरचा मारुती किंवा कोपऱ्यावरची पिठाची गिरणी असल्या खुणा कुणी सांगत बसत नाही. नोड, सेक्टर, भूखंड, इमारत, सदनिका एवढं म्हटलं की पाहुणा दारात हजर. १७ मार्च १९७० रोजी सिडको जन्माला आली आणि तेव्हाच्या ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर तिनं शहर आखलं. ते इतकं शिस्तीत, की वाशीत घरांनासुद्धा ए टाइप, बी टाइप, सी टाइप अशी नावं पडली. 'तुम्ही कुठल्या टाइपचे?' असं विचारलं तर तिथं कुणाला राग येत नाही. जमीन सिडकोची, आपण साठ वर्षांचे भाडेपट्टेदार. घर विकायचं तर तिची परवानगी, नवं नाव चढवायचं तर तिचं हस्तांतरण शुल्क. खिडकीची उंची, जिन्याच्या पायऱ्या, छज्ज्याची लांबी, सगळं कुठल्या ना कुठल्या फायलीत नोंदलेलं आहे.

नोंदलेली नाही ती एकच गोष्ट: त्या घरात सध्या राहतं कोण. म्हणजे नोंद नाही असंही नाही. नोंदी भरपूर आहेत, फक्त त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

खारघरच्या वरच्या सेक्टरांतली आमची इमारत सिडकोच्या सोडतीतली. तिचं नाव लिहीत नाही, कारण मी तिच्या कमिटीवर आहे आणि पुढच्या वार्षिक सभेत मला बसायला खुर्ची हवी आहे. तिच्या सातव्या मजल्यावरची सातशे चार ही सदनिका घ्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठीची, पंचवीस चौरस मीटरच्या आसपासची. हॉल, स्वयंपाकघर, आणि ज्याला माहितीपुस्तिकेत शयनगृह म्हटलं होतं ते.

हे घर मिळवणं सोपं नव्हतं. सोडतीचा अर्ज भरणाऱ्याला पंधरा वर्षांचा महाराष्ट्रातला अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि भारतात कुठंही आपलं पक्कं घर नाही असं शपथपत्र जोडावं लागतं. श्रीमंत माणसाला आपण श्रीमंत आहोत याचा दाखला आणायला तहसीलदाराकडे जावं लागत नाही. गाडी उभी केली की पुरतं. गरिबाला मात्र प्रत्येक बाबतीत पुरावा. २०१८ च्या सोडतीत १४,८३८ घरं होती. तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली, द्रोणागिरी. त्या वर्षी खारघर-पनवेल पट्ट्यात निम्मी लोकसंख्या संगणकासमोर हात जोडून बसली होती आणि उरलेली निम्मी त्यांना अर्ज भरून देण्याचे शंभर रुपये घेत होती. मग २०२४ च्या दसऱ्याला 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' आलं. २६,००० घरं, आणि मजलासुद्धा स्वतः निवडायचा. जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या. तळोज्यातलं दुर्बल घटकाचं घर पंचवीस लाखांच्या घरात, आणि खारघर स्टेशनजवळचं अल्प उत्पन्न गटाचं घर सत्त्याण्णव लाखांच्या. ऐंशी लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता एकोणसत्तर हजारांच्या पुढं जातो. एवढा हप्ता भरू शकणारा अल्प उत्पन्न गटातला माणूस मला भेटला, तर मी त्याच्याकडून उसने पैसे घेईन.

सातशे चार त्या मानानं जुनी आणि स्वस्त. तिचा लाभार्थी टेम्पो चालवतो. सोडतीत नाव लागलं त्या दिवशी त्यानं अख्ख्या कोपरा गावात पेढे वाटले. फाइल म्हणते की तो, त्याची बायको आणि दोन मुलं सातशे चारमध्ये राहतात. घर दोघांच्या नावावर आहे, कारण पंतप्रधान आवास योजनेत बाईचं नाव लागतं. याच योजनेत जो आपल्या जागेवर स्वतः घर बांधतो, त्याच्या बांधकामाचे टप्प्याटप्प्याला फोटो काढून उपग्रहाच्या नकाशावर टाकतात. पाया, चौथरा, छत, सगळं अंतराळातून दिसतं. छत पडलं की उपग्रहाला आतलं दिसेनासं होतं आणि शासनालाही.

पोलिसांच्या नोंदीप्रमाणे सातशे चारमध्ये तीन विद्यार्थी राहतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवलीच पाहिजे असा आदेश पोलीस आयुक्तालय दर थोड्या महिन्यांनी नव्यानं काढतं. पूर्वी कलम १४४ खाली निघायचा, जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली. माहिती देणं ऑनलाइन झालंय. फोटो, आधार, मूळ गाव, ओळखीच्या दोन माणसांची नावं. आमच्या मालकानं ती इमानदारीत भरली, एकदाच. त्या तिघांपैकी एक आज जर्मनीत एमएस करतोय, एक पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेला बसलाय आणि तिसऱ्याचं लग्न झालं. पत्रिका कमिटीला आली होती. पण कागदोपत्री ते अजून सातशे चारमध्येच झोपतात. त्यांच्या जागी त्यांचे ज्युनिअर आले, ज्युनिअरांच्या जागी त्यांचे ज्युनिअर. गादी, कुकर आणि अभियांत्रिकी गणिताच्या नोट्स पिढ्यान्‌पिढ्या त्याच खोलीत. मालक दर वर्षी भाडं घ्यायला येतो तेव्हा दार उघडणारा चेहरा नवा असतो. तो 'नमस्कार काका' म्हणतो, एवढ्यावर मालकाचं समाधान होतं.

दुय्यम निबंधकाकडे तिसरंच सत्य. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडेकरूच्या शब्दाला एवढा मान त्याच्या आईनंही कधी दिलेला नसतो. त्यामुळे अकरा महिन्यांचा करार होतो. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, चहा पितो, सगळ्यांचे अंगठे घेतो. करारात तिघांपैकी एकाचंच नाव असतं, बाकीच्यांचे अंगठे लावायचे तर एजंटचा दर वाढतो.

आणि सोसायटीच्या वहीप्रमाणे सातशे चारमध्ये एक कुटुंब राहतं.

याचा खुलासा करणं भाग आहे. आमच्या गेटवर 'फक्त फॅमिली' अशी पाटी नाही; पण ती सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर आहे. उपविधी चाळून पाहिले तर अविवाहितांना घर देऊ नये असं वाक्य त्यांत कुठंही सापडत नाही. सभासदानं सोसायटीला कळवावं, कराराची प्रत द्यावी, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी, एवढंच. स्वतः न राहता घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटीला जास्तीचे पैसे घेता येतात, पण तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. २००१ च्या शासन निर्णयानं ती दोरी आवळली. त्याआधी काही सोसायट्या या एका शुल्कावर गच्ची वॉटरप्रूफ करून घ्यायच्या. पैशांचा मार्ग बंद झाल्यावर सोसायट्यांनी नीतिमत्तेकडे मोर्चा वळवला. भाडेकरूची मुलाखत सुरू झाली.

त्या मुलाखतीला मी बसलेलो आहे. भूगर्भशास्त्राच्या पीएचडीलाही एवढे प्रश्न विचारत नसतील. लग्न झालंय का? नसेल तर कधी करणार? स्वयंपाक घरात करणार की डबा? डबा असेल तर घरात गॅस कशाला? मित्र येतात का? कुठल्या प्रकारचे मित्र? शेवटी सेक्रेटरी विचारतात, "एकूण किती जण राहणार?" आणि समोरचा म्हणतो, "मी आणि माझे दोन चुलत भाऊ." चुलतभाऊ म्हटलं की ते कुटुंब, आणि कुटुंब म्हटलं की ठराव मंजूर. सातशे चारमधलं हे घराणं आजवर नांदेड, भुसावळ, गोंदिया आणि पाटणा असं पसरलेलं निघालं. आडनावं एकाचीही दुसऱ्याशी जुळत नाहीत. पण सणाला गावी जाताना सगळे एकमेकांच्या बॅगा धरतात, आणि मी पाहिलेल्या सख्ख्या भावांत हे दृश्य दुर्मीळ आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मात्र चुलतभावांवर विश्वास नाही. ते चपला मोजतात. सकाळी फिरून येताना मुद्दाम सातव्या मजल्यावर जातात आणि सातशे चारच्या दाराबाहेरचे जोड टिपून ठेवतात. एकदा आकडा अकरावर गेला आणि बाराव्याचा एकच पाय. त्या एका पायावर कमिटीची दोन तास बैठक चालली.

आता कॉलेज. नेरूळला डी. वाय. पाटील, तेरणा आणि एसआयईएस, कामोठ्याला एमजीएम, खारघरला निफ्ट आणि भारती विद्यापीठ, नवीन पनवेलला पिल्लई. जून-जुलैत हार्बर लाइनवर ट्रंका आणि गुंडाळलेल्या गाद्या दिसू लागल्या की समजावं, प्रवेश झाले. वसतिगृहात खाट मिळाली ते सुखी. बाकीचे कॉट बेसिसवर. बाहेर राहणाऱ्या या मुलांवर नजर ठेवायचा नियम आहे, आणि तो चांगला कडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत लिहिलंय की संस्थेची मुलं ज्या ज्या खाजगी वसतिगृहात किंवा लॉजमध्ये राहतात त्या प्रत्येकाचा तपशील संस्थाप्रमुखानं स्थानिक पोलिसांना आणि प्रशासनाला द्यावा, आणि रॅगिंगविरोधी पथकानं तिथंही लक्ष ठेवावं.

एका कॉलेजचं असं पथक मागच्या पावसाळ्यात आमच्या गेटवर आलं. दोन प्राध्यापक, एक छत्री. सेक्रेटरींनी त्यांना ऑफिसात बसवलं आणि छाती फुगवून सांगितलं, "सर, आमच्या बिल्डिंगमध्ये एकही विद्यार्थी राहत नाही. सगळ्या फॅमिली." प्राध्यापकांनी वहीत तसं लिहून घेतलं. तेवढ्यात लिफ्टमधून सातशे चारमधले चौघं उतरले आणि एकानं सवयीनं, "गुड ईव्हनिंग सर" म्हटलं. सर म्हणाले, "गुड ईव्हनिंग." मग वही बंद केली, छत्री उघडली. मला ते प्राध्यापक फार आवडले.

पण आमचा टेम्पोवाला कुठं आहे? तो कोपरा गावातच आहे. पेढे वाटले तेव्हा होता त्याच खोलीत.

हिशेब साधा आहे. सातशे चारचा हप्ता साडेपंधरा हजार, मेंटेनन्स अडीच. अठरा हजार दरमहा खिशातून गेले तर टेम्पोत डिझेल कशाचं घालायचं? त्यानं घर मुलांना दिलं. तिघांचे मिळून एकवीस हजार येतात (बाकीच्या चुलतभावांचं मुलं आपापसांत बघतात). गावठाणातल्या खोलीला सात हजार. म्हणजे खिशातून जातात चार हजार, आणि वीस वर्षांनी घर आपलं. परवडणाऱ्या घरात राहणं परवडत नाही म्हणून तो परवडणाऱ्यांच्या कुठल्याच यादीत नसलेल्या घरात राहतो. त्याला लबाड म्हणायला मी तयार नाही. उद्या कुणी कर्तव्यदक्ष अधिकारी सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून बसला तर टेम्पोवाल्याचं घर जाईल, मुलांची खोली जाईल, आणि नोंदी मात्र सुरेख जुळतील. हे शहर चालतं ते त्या जुळत नाहीत म्हणून, असं माझं मत आहे. कमिटीच्या इतिवृत्तात ते लिहू दिलं गेलं नाही.

आणि गावठाणात तो ज्या इमारतीत राहतो, ती तर नियोजनाच्या नकाशात नाहीच. त्यामागं मोठी कहाणी आहे. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर शहर उभं राहिलं, त्या गावांनी मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात लढा दिला. गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. भूखंड मिळेपर्यंत मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली, आणि लोकांनी गावातच घरावर घर चढवलं. सरकारी भाषेत ही 'गरजेपोटी बांधलेली घरे'. ती नियमित करण्याचे शासन निर्णय निघत असतात, २०२२ मध्येही निघाला. दरम्यान त्या घरांच्या चौथ्या मजल्यावर भाडेकरू राहून निवृत्तही झाले. शहरातल्या रिक्षावाल्याला, मोलकरणीला, सुरक्षारक्षकाला खऱ्या अर्थानं परवडणारं घर जर कुणी दिलं असेल तर या गावांनी. तेही सोडत न काढता, अधिवासाचा दाखला न मागता, फक्त दोन महिन्यांच्या डिपॉझिटवर.

बिल्डरांनीही गरिबांसाठी घरं बांधावीत असा नियम आहेच. २०१३ पासून मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरं लहान, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवायची आणि म्हाडामार्फत सोडतीनं द्यायची. ती घरं गेली कुठं, म्हाडाला कळवली का, हा प्रश्न नाशिकमध्ये २०२२ साली थेट विधिमंडळात गाजला. नियम वाचल्यावर तीन हजार नऊशे नव्व्याण्णव चौरस मीटरच्या भूखंडावर माझाही जीव जडला असता.

इंग्लंडात या सगळ्याला एकच उत्तर आहे म्हणे. तिथल्या २००४ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये एकाच कुटुंबातले नसलेले पाच किंवा अधिक जण एका घरात राहिले, नि न्हाणीघर-स्वयंपाकघर वाटून घेतलं, की मालकाला नगरपालिकेचा परवाना लागतो. एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा हवी. पॉइंट एक्कावन्न कुठून आलं ते राजेसाहेबांनाच ठाऊक. मी ते गणित सातशे चारला लावून पाहिलं. मोरी-संडास आणि ओटा धरून चार माणसंसुद्धा पुरी बसत नाहीत. सोसायटीच्या हिशेबानं तिथं एक कुटुंब, पोलिसांच्या हिशेबानं तीन, चपलांच्या हिशेबानं साडेअकरा, आणि भारत-पाकिस्तान सामना असेल त्या रात्री काका मोजणं सोडून स्वतःच आत जाऊन बसतात.

मागच्या मे महिन्यात पाण्याची बोंब झाली. टँकर मागवले आणि वर्गणी डोईमागे काढायची ठरली. आता मात्र खरा आकडा हवा होता. सेक्रेटरींनी चुलतभावांना विचारलं, ते म्हणाले तीन. काकांच्या वहीचा उपयोग नव्हता; चपलांना पाणी लागत नाही. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की डबेवाल्या मावशींकडे वही आहे.

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. आमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या पोरांना दोन वेळचा डबा पोहोचवतात. कोणत्या घरात किती डबे, कुणाला तीन पोळ्या, कुणाला पाच, कोण गुरुवारी खिचडी खातो, कोण परीक्षेच्या काळात रात्री उशिरा मागवतो, कोण गणपतीला गावी गेला की दहा दिवस बंद, कुणाचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, हे सगळं त्या वहीत. सिडको, पोलीस, निबंधक, कॉलेज आणि सोसायटी यांनी मिळून जे जमवलं नाही ते मावशींनी दोनशे पानी वहीत जमवलं होतं, तेही पेन्सिलीनं, म्हणजे रोज खोडून ताजं करता यावं म्हणून.

कमिटी त्यांच्याकडे शिष्टमंडळ घेऊन गेली. मावशींनी ऐकून घेतलं, वही पदराखाली सरकवली आणि म्हणाल्या, "पोरांची माहिती मी अशी कुणाला देत न्हाई." २०२३ साली संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी मी डोळ्यांनी पाहिली ती एवढीच.

आता २०२७ ची जनगणना डोक्यावर आहे. घर मालकीचं की भाड्याचं, राहणारे किती, हे प्रश्न दारावर येणार. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिका मागच्या खेपेला प्रगणक होत्या. त्यांनी सभेत समजावलं की १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ही माहिती गोपनीय असते, पुरावा म्हणून कोर्टातसुद्धा वापरता येत नाही, तेव्हा बिनधास्त खरं सांगा. सभेत शांतता पसरली. सरकारी माणसाला खरं सांगायचं, या कल्पनेची कुणालाच सवय नव्हती.

मग चर्चा सुरू झाली. टेम्पोवाला सातशे चारमध्ये मोजला जावा असं सेक्रेटरींचं म्हणणं, म्हणजे सोसायटीची वही खरी ठरेल. मग मुलं कुठं मोजायची? त्यांना एक दिवस कोपरा गावातल्या खोलीत पाठवावं, असा तोडगा निघाला. काकांनी अनुमोदन दिलं, मुलं तयार झाली, टेम्पोवाला बायकोला घेऊन आपल्याच घराचा पडदा शिवायला माप घेऊन गेला. सगळं ठरल्यावर मावशींनी खालून विचारलं, त्या दिवशीचे सात डबे कुठं पाठवू, की नव्या माणसांचे चार वाढवून देऊ?